डिस्क इमेज : जपून ठेवावी, उघडूनही पाहावी

दिवाळीत नव्या वहीचे पूजन करून जुन्या वह्या लाल कापडात बांधून ठेवण्याची रीत व्यापारी घरांतून अद्याप टिकून आहे. असे दप्तर दहा वर्षांनी सोडले तरी खतावणीचे पान वाचता येते. संगणकातील हिशेब मात्र योग्य साधन हाताशी असेल तरच उघडतो.

ढोकीच्या बाजारपेठेतील खते-बियाण्यांचे एखादे दुकान उदाहरणादाखल घ्यावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. जुना संगणक बदलताना कारागीर त्याची ‘डिस्क इमेज’ काढून बाहेरच्या हार्ड डिस्कवर देतो आणि मालक ती तिजोरीत ठेवतो. डिस्क इमेज म्हणजे विंडोज, टॅली, बिले, पत्रे यांसह अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत. पुढे जुन्या वर्षाचे एक बिल हवे असते, तेव्हा ही अगडबंब फाइल उघडायची कशी, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. अशा प्रतीचे दोन उपयोग आहेत. ‘रिस्टोअर’ केल्यास जुनी प्रत डिस्कवर पुन्हा उतरते आणि त्या डिस्कवरील आजचा हिशेब पुसला जातो. ‘माउंट’ केल्यास तीच प्रत संगणकाला तात्पुरती एक वेगळी डिस्क म्हणून दिसते. तीतून हवी ती फाइल घेता येते, चालू हिशेबाला धक्का लागत नाही. एक बिल शोधण्यासाठी रिस्टोअर करणे म्हणजे एका पानासाठी चालू वही जाळणे होय.

फाइलच्या नावाचा शेवट पाहिला की मार्ग कळतो. आयएसओ फाइल विंडोज ८ पासून पुढे दोनदा क्लिक केल्यास बहुधा उघडते. विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम इमेजमध्ये व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स फाइल असते. ती डिस्क मॅनेजमेंटमधील ‘अटॅच व्हीएचडी’ने जोडावी आणि ‘रीड-ओन्ली’वर खूण करण्यास विसरू नये, म्हणजे मूळ प्रतीत बदल होणार नाही. एमआरआयएमजी ही मॅक्रियमची, टीआयबी ही अ‍ॅक्रोनिसची आणि जीएचओ ही नॉर्टन घोस्टची फाइल. यांना त्या त्या कंपनीचे साधन लागते. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्येच बंद झाली. म्हणून प्रतीशेजारी ती उघडणारे साधनही जपावे आणि पासवर्ड विश्वासू माणसाजवळ लिहून ठेवावा.

डिस्क दिसू लागली की टॅलीच्या डेटामधील आकड्यांच्या नावाचे फोल्डर नव्या संगणकावर वेगळ्या जागी उतरवून घ्यावे व ती नक्कल उघडावी. नवी टॅली जुना हिशेब नव्या स्वरूपात बदलून घेते, म्हणून मूळ प्रतीला हात लावू नये. मग ३१ मार्चची तेरीज काढून सही झालेल्या ताळेबंदाशी ताडून पाहावी. आकडे जुळले, तरच प्रत खरी मानावी.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. नियम ५७ सांगतो की, अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत माहिती पुन्हा उभी करता येईल, अशी प्रत हवी. मागणी झाल्यास फाइलींचा तपशील व पासवर्डही द्यावे लागतात. न उघडणारी प्रत तेथे उपयोगाची नाही.

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले. न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीजवळ अनेक यंत्रांच्या प्रती होत्या. पण सारे जाळे पुन्हा उभे करण्यास लागणारी मुख्य प्रत सापडेना. अखेर ती घानामधील कार्यालयात मिळाली, कारण वीज गेल्यामुळे तेथील यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. ती डिस्क माणसाच्या हाती देऊन विमानाने ब्रिटनला नेण्यात आली. एवढ्या मोठ्या पेढीला तारले ते अलग राहिलेल्या एका प्रतीने, आणि तेही योगायोगाने.

छोट्या दुकानाने योगायोगावर विसंबू नये. एक प्रत दुकानात व दुसरी घरी ठेवावी. काम झाल्यावर बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवर विषाणू सहज पोचतो. डिस्कवर तारीख व कोणत्या वर्षांचा हिशेब आहे ते लिहावे. आणि वर्षातून एकदा, ताळेबंदाच्या सुमारास, ती माउंट करून कोणतेही एक जुने बिल शोधून दाखवण्याचे काम घरच्या तरुण मुलाला किंवा सुनेला सांगावे. रोकड मोजून घेण्याची सवय ज्या घरात आहे, तेथे हे अर्ध्या तासाचे काम जड जाऊ नये.