‘तुमचं नेट स्लो असेल’

संग्रहालयाची किंवा किल्ल्याची आभासी सफर उघडावी आणि काळ्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, हा अनुभव अनेकांना येतो. तक्रार केली की उत्तर ठरलेले: तुमचं नेट स्लो असेल, कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. हे उपाय जरूर करून पाहावेत. ब्राउझरमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद असेल तर तेही सुरू करावे, कारण चित्र फिरवण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. पण बघणाऱ्यावर खापर फोडून भागणार नाही. सफर बनवणाऱ्याने आणि तिचे बिल मंजूर करणाऱ्याने आधी स्वतःचे काम तपासले पाहिजे.

३६० अंशांचा पॅनोरमा सपाट मांडला की रुंदीला उंचीच्या दुप्पट होतो. ८१९२ बाय ४०९६ पिक्सेलची जेपेग फाइल काही एमबींचीच असते, म्हणून ती हलकी वाटते. पडद्यावर दाखवताना मात्र ती पूर्ण उलगडावी लागते. पिक्सेलमागे चार बाइट धरले तर एकाच दालनाला सुमारे १३४ एमबी मेमरी लागते. पुढचे दालनही आधीच लोड केले तर दुप्पट. कमी रॅमच्या फोनवर ब्राउझर तिथेच मान टाकतो. शिवाय एक चित्र किती मोठे असावे याला प्रत्येक चिपची मर्यादा असते. अनेक जुन्या फोनांत ती ४०९६ पिक्सेलची. त्याहून मोठे चित्र चिप घेतच नाही, मग नेट कितीही वेगवान असो.

याला उत्तर आहे, आणि ते जुने आहे. चित्राचे लहान चौकोनी तुकडे करायचे, आधी सगळ्याची अंधुक प्रत द्यायची आणि बघणारा जिकडे वळेल तिकडचेच स्पष्ट तुकडे पाठवायचे. पॅनेलम, मार्झिपानो ही मोफत साधने हे करतात. तरीही अख्खा फोटो जसाच्या तसा चढवला जात असेल, तर तो निव्वळ हलगर्जीपणा आहे.

बाकीचे दोष किरकोळ, पण सफर बंद पाडायला पुरेसे. फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे विंडोज सहसा एकच मानते, लिनक्स सर्व्हर मानत नाही. त्यामुळे कार्यालयात चाललेली दालने सर्व्हरवर गायब होतात. साइट एचटीटीपीएसवर गेली आणि स्क्रिप्टचा पत्ता जुन्या एचटीटीपीवरच राहिला, तर ब्राउझर ती अडवतो. संगणकावर एफ-१२ दाबून कन्सोल उघडला की असे दोष बहुधा तिथेच लिहिलेले सापडतात. ते वाचण्याचे कष्ट संस्थेतल्या कुणीतरी घ्यायला हवेत.

पूर्वी अनेक सफरी ज्यावर चालत, त्या फ्लॅश तंत्राचे उदाहरण तर जिव्हारी लागणारे आहे. ॲडोबीने २०१७ मध्येच कळवले होते की २०२० अखेर फ्लॅश बंद होणार. तीन वर्षांहून अधिक मुदत मिळाली. तरी ज्यांनी सफरी बदलल्या नाहीत, त्यांची दालने १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये उघडेनाशी झाली. कोविडने लोकांना घरात बसवले होते आणि या सफरींची खरी गरज होती, तेव्हाच हे घडले. पाठोपाठ ३० जून २०२१ ला गूगलचे टूर क्रिएटर हे सफरी बनवण्याचे साधनही बंद झाले. मूळ फोटो स्वतःजवळ नसतील, तर अशा वेळी सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

गुडघ्यांमुळे रायगड चढू न शकणाऱ्या आजी किंवा अजिंठ्याला जाण्याइतके पैसे नसलेला विद्यार्थी, सफर यांच्यासाठी आहे. त्यांच्या हातात बहुधा साधाच फोन असतो. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक कामाच्या करारात मूळ फोटो संस्थेच्या ताब्यात देण्याची आणि पुढच्या देखभालीची अट असावी. जिथे सफर चालणारच नाही तिथे साधी छायाचित्रे आणि मजकूर दिसावा. आणि स्वस्त अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, अधिकाऱ्यांसमोर सगळी दालने उघडून दाखवल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नये.