प्रतिष्ठा झाली, पूजेचे काय?

आषाढाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या, की आमच्याकडे एक नवा सण सुरू होतो. पंचांगात तो सापडत नाही. पण कोणत्याही व्रताहून अधिक निष्ठेने पाळला जातो. मांडव पडतो, खुर्च्या मांडल्या जातात, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात एक रोप अलगद उतरवले जाते, पाहुणे त्यावर झारीने पाणी घालतात (आभाळ त्याच वेळी त्याच रोपावर घागरी ओतीत असते), छायाचित्र निघते आणि मंडळी चहापानास जातात. या सणाचे नाव वृक्षारोपण. सिल्वासा त्याला अपवाद नाही. मुंबई नाही आणि मडगावही नाही. आमची तक्रार या सणाविरुद्ध नाही. तक्रार अशी, की या देवतेची प्रतिष्ठा दरसाल होते आणि पूजा मात्र एकदाही होत नाही.

हा सण जुना आहे. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री असताना १९५० च्या जुलैत त्यांनी वनमहोत्सवाचा पाया घातला. तेव्हापासून पाऊणशे वर्षे उलटली. २०२४ च्या ५ जूनपासून 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम सुरू झाली. हेतू दोन्हींचा निर्मळ आहे. परंतु ज्या रोपाला मातेचे नाव दिले, त्याला चैत्रात तांब्याभर पाणी न देणाऱ्या पुत्रास काय म्हणावे, हे आम्ही लिहीत नाही. वाचकांना तो शब्द ठाऊक आहे.

सिल्वासाचे हवामान या ढोंगाला फार सोयीचे पडते. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथे पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे जुलैत लावलेले रोप दसऱ्यापर्यंत तरारलेले दिसते ते कोणाच्या कर्तबगारीने नव्हे, पावसाच्या कृपेने. त्याचा वाली कोण, हा प्रश्न होळीनंतर निघतो. आणि होळीनंतर छायाचित्रे काढण्याची आमच्यात रीत नाही.

आता ज्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत, त्या देवस्थानांच्या महाजनांना आणि कुळाव्यांना एक प्रश्न विचारतो. आपल्या देवळात नवी मूर्ती बसवायची ठरली, तर पहिली चौकशी कशाची होते? मिरवणुकीची नव्हे, नित्यपूजेची. पुजारी कोण, नैवेद्याचा खर्च कोठून, नंदादीपाच्या तेलासाठी कोणती जमीन वा कोणता निधी बाजूला काढला? ही तजवीज झाल्याखेरीज कोणी शहाणा महाजन प्रतिष्ठेचा मुहूर्त काढीत नाही, कारण अपूज्य राहिलेली मूर्ती हा गावावरचा दोष मानला जातो. कायदाही याच वाटेने गेला आहे. प्रमथनाथ मलिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मलिक या १९२५ च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने प्रतिष्ठित मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले. न्यायालये तिला अज्ञान बालकासारखी समजतात. तिच्या हिताची काळजी वाहणारा कोणी तरी असलाच पाहिजे, हे तत्त्व त्यातूनच आले.

कोणी म्हणेल, मूर्ती निराळी आणि झाड निराळे. धर्मशास्त्राला ते तसे वाटलेले नाही. इष्ट आणि पूर्त अशी पुण्यकर्माची दोन अंगे त्याने मानली. पूर्तात विहीर येते, तळे येते, देवालय येते आणि आराम, म्हणजे लोकांसाठी लावलेली बाग, हीही येते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांचा विचार एकत्रच केला आहे. देऊळ आणि बाग अशी एका पंक्तीला बसतात. मग एकीला नंदादीप आणि दुसरीला वैशाखाचा वणवा, हा पंक्तिप्रपंच कोणी शिकवला? दहा पुत्रांच्या तोलाचा एक वृक्ष, हे पुराणातले वचन तर प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येते. पुत्राला जन्म देऊन पोसण्यास नकार देणाऱ्या बापासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे; त्याला पोटगी भरावी लागते. रोपाला वकील मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची येथे आठवण होते. आरमारासाठी लाकडाची निकड असतानाही रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, असा त्यात दंडक आहे, आणि त्याचे कारण रयतेने केलेली दीर्घकाळची जोपासना हे दिले आहे. झाडावरचा हक्क लावण्याने उत्पन्न होत नाही, वाढवण्याने होतो, हा आमच्या मते त्याचा कायदेशीर अर्थ. आजच्या कोनशिलांवर ज्यांची नावे कोरली जातात, त्यांतील कितीजणांचा हक्क या कसोटीला उतरेल?

सिल्वासापुरता एक आक्षेप हटकून घेतला जातो. दादरा-नगरहवेलीची सुमारे दोन-पंचमांश भूमी वनाखाली आहे. खानवेलच्या रस्त्याने जावे तर दोन्ही अंगांनी झाडी सोबत करते. अशा प्रदेशाच्या मुख्य शहराला झाडांची काय वाण? आक्षेप ऐकायला गोड आहे. पण खानवेलचा साग सिल्वासाच्या नाक्यावर सावली धरायला येत नाही. आमली आणि पिपरिया ही सिल्वासातली नावे कानाला चिंच आणि पिंपळ यांचीच वाटतात. गुजरातीत आमली म्हणजे चिंच हे तर सर्वांना ठाऊकच आहे. भर दुपारी कारखान्याची पाळी सुटल्यावर बसची वाट पाहत उभा असलेला कामगार, डोक्यावर भारा घेऊन बाजाराला आलेली वारली बाई, शाळेतून परतणारी मुले, यांना रानातल्या सावलीची टक्केवारी सांगून काय उपयोग?

१९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पुढल्याच वर्षी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दाव्याचा विषय होता वाटेचा हक्क. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: मुलकी जा-ये करण्यापुरता हक्क मान्य झाला, सैन्य आणि शस्त्रे यांच्यापुरता अमान्य, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असेही ठरले. ज्या भूमीच्या वाटेसाठी जागतिक न्यायासन चार वर्षांहून अधिक काळ गुंतून राहिले, त्या भूमीच्या वाटेने वैशाखात चालणाऱ्याला सावलीचा हक्क नसावा, ही विटंबना आम्हांस सोसवत नाही.

हे काम नगरपालिकेचे, आम्ही कर भरतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे पहिले वाक्य बरोबर आहे. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नागरी वनीकरण आणि उद्याने हे दोन्ही विषय नगरपालिकांसाठी नोंदलेले आहेत. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी आणि गोवा, दमण व दीव यांनी १९८४ साली स्वतःपुरता कायदा केला. सिल्वासाही जानेवारी २०१८ मध्ये स्मार्ट शहरांच्या यादीत आले. तेव्हा नगरपरिषदेस जाब विचारावाच. पण काय विचारावा? 'किती झाडे लावली?' हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याचे उत्तर नेहमीच मोठे असते. तीन उन्हाळे काढून जिवंत किती राहिली, हे विचारा. आणि ठेकेदाराचे देयक खड्ड्यांच्या संख्येवर न काढता तिसऱ्या ज्येष्ठातल्या पालवीवर काढा, असा आग्रह धरा. एवढ्या एका अटीने निम्मी मोहीम सुधारेल असा आमचा समज आहे.

झाडे मरतात कशी, हे पाहण्यास वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. काळ्या पिशवीसकट रोप पुरले, की मुळे आतल्या आत वेटाळी घालतात. दररोज फवारा मारला, की ओल वरच्या चार बोटांतच राहते आणि मुळेही वरच रेंगाळतात. आठवड्यातून एकदा आळे भरून दिलेले पाणी त्याहून मोलाचे. लोखंडी पिंजरा वेळेवर काढला नाही, तर तोच खोडात रुततो. विजेच्या तारांखाली एका अंगाने छाटलेले झाड तोल गमावते आणि वादळात पडते. आणि सर्वांत वाईट पाप सिमेंटचे. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, की पाणी व हवा मुळांपर्यंत पोचत नाही. मुळे वर येऊन फरशी उचलतात. मग फरशी उचलल्याचा आरोप ठेवून झाडच तोडले जाते. आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच, असा हा खटला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील यंत्रणांना बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले. इतरांनी त्यापासून धडा घेण्यास दुसऱ्या आदेशाची वाट का पाहावी? मुंबईत मे २०२१ च्या तौक्ते वादळात शेकडो झाडे आडवी झाली. काँक्रीटमध्ये मुळे कोंडली, की असा दिवस ओढवून घेतल्यासारखेच होते.

लावायचे काय, याबाबतही घाई नडते. लवकर हिरवे दिसावे म्हणून कोनोकार्पसच्या रांगा उभ्या करण्याची फॅशन पश्चिम भारतात पसरली. शेजारच्या गुजरातने २०२३ साली त्याच्या लागवडीस मनाई केली. हवेलीच्या मातीत मोह, ऐन, कदंब, करंज, चिंच सुखाने वाढतात. त्यांतली काही सावकाश वाढतात, हे खरे. दुभाजकावरची शोभेची झुडपे आणि एप्रिलात पाणी पिणारी हिरवळ यांना आमचा विरोध नाही, परंतु त्यांच्या सावलीत मांजरही बसू शकत नाही.

आता घरचे लाजिरवाणे. बुंध्याभोवती सिमेंट ओतण्यात देवळे मागे आहेत काय? जीर्णोद्धार म्हणून पाराला चकचकीत फरशी बसते, पिंपळाच्या खोडाला देणगीदारांचा फलक खिळ्यांनी ठोकला जातो, दिव्यांच्या माळा वर्षभर गुंडाळलेल्या राहतात. वटपौर्णिमेस वडाच्या फांद्यांच्या जुड्या बाजारात विकल्या जातात, आणि पतीच्या आयुष्यासाठी वडाचे आयुष्य छाटून घरी आणले जाते. ज्यांच्या पूर्वजांनी गावच्या राईला राखणदार मानून तेथली काटकीही उचलली नाही, त्यांच्या वंशजांनी हे करावे! कोंकणीत ज्याला आपण रूख म्हणतो, त्याची आठवण नैवेद्याला पान लागते तेव्हाच होणार असेल, तर नगरपरिषदेस शहाणपण शिकवण्याचा आपला अधिकार उणा पडतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सिल्वासातील प्रत्येक देवस्थानाने आपल्या दारापासून पुढच्या चौकापर्यंतची झाडे नगरपरिषदेच्या संमतीने वहिवाटीस घ्यावी. वार्षिक अंदाजपत्रकात तेल-वातीच्या खर्चाखाली एक ओळ झाडांच्या पाण्याची असावी. उत्सवाच्या आतषबाजीतून ती सहज निघेल. पाणी घालणाऱ्या माणसास पगार द्यावा, सेवेचे गोड नाव देऊन फुकट राबवू नये. प्रत्येक झाडाची वहीत नोंद व्हावी: जात, लावल्याची तारीख, आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या कुळाव्याचे नाव. मुक्तिदिनी, म्हणजे २ ऑगस्टला, नवे रोप उचलण्यापूर्वी ही वही देवळाच्या सभामंडपात मोठ्याने वाचावी; जगलेली किती, मेलेली किती, आणि मेलेल्यांपुढे नाव कोणाचे. याला एक वही आणि एक रविवार पुरे. पहिल्या पानावर पहिली नोंद आपल्याच पारावरच्या पिंपळाची करावी, आणि ती करण्यापूर्वी त्याच्या बुंध्याभोवतीची हातभर फरशी उखडून टाकावी.