‘निसर्गाचा कोप’ नव्हे

गिर्यारोहणावरच्या लेखनात अपघात झाला की ‘निसर्गाचा कोप’ हटकून येतो. आम्हांस तो मान्य नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर एडिंबरोच्या एका शाळेची पाच मुले आणि त्यांची १८ वर्षांची साहाय्यक मार्गदर्शक हिमवादळात मृत्युमुखी पडली. करन नावाचा निवारा गाठता आला नाही. दोन रात्री उघड्यावर गेल्या. पुढे १९७५ मध्ये तो निवाराच हटवला. लाकूड-दगड हटवणे सोपे! अवघड प्रश्न नेतृत्वाचा होता. गिर्यारोहण मंडळांत पदाधिकारी बदलतात तेव्हा किल्ल्या, दोर, हिशेबवही नव्या हाती जातात. कुठून माघारी फिरायचे, हे जुन्यांबरोबरच जाते. नव्या नेत्याने आधी एक पुरा हिवाळा जुन्याच्या मागे चालावे, ही अट मंडळे का घालत नाहीत? (शौर्यकथांना माघारीचे वावडे असते, हे आम्ही जाणतो.)