दम्याच्या गोळीवर पन्नास टक्के!



कुंभकोणमला गेलो होतो एका निवृत्त साथीच्या घरी. व्यंकोजीराजांच्या मागे दक्षिणेत गेलेल्या मराठ्यांचा हा वंशज. त्याचे मराठी आपल्याला जुन्या बखरीसारखे वाटते, पण समजते. मीटरगेजच्या काळात वाफेच्या इंजिनावर त्याने फावड्याने कोळसा टाकला. तो धूर छातीत राहिला आहे. पितळी पेल्यातून कॉफी दिली आणि ती आत नेऊन ठेवेपर्यंत धाप लागली. तरी तो म्हणाला, औषधाची चिंता नाही, सरकारी इस्पितळात मिळते.

मला आमच्याकडचा एक दवाखाना आठवला. खिडकीवरचे ठरलेले उत्तर, "शिल्लक नाही, आठ दिवसांनी या." दम्याचा झटका आठ दिवस थांबतो काय?

तामिळनाडूत काही जादू नाही. १९९४ साली त्या राज्याने औषध खरेदीसाठी स्वतःचे महामंडळ काढले, तामिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन. सगळ्या सरकारी इस्पितळांची खरेदी एकत्र, कंपनीच्या नावाने नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे. माल तपासणीत उतरला तरच वाटप. आपल्या महाराष्ट्राने हे काम २०१७ मध्ये हाफकिनकडे दिले, मग २०२३ मध्ये पुन्हा नवे प्राधिकरण. तीस वर्षांचा नमुना शेजारी असताना आपण अजून पाट्याच बदलतो आहोत.

आता दिल्लीची करणी पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवल्या. त्यात साल्ब्युटामॉल आहे, दोन आणि चार मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि वाफेतून घ्यायचे द्रावण. कारण काय, तर कच्चा माल महागला, परवडत नाही, उत्पादन बंद करू, असे कंपन्यांनी कळवले. कामगाराने "परवडत नाही, काम बंद करतो" म्हटले की 'एस्मा' लागतो. कारखानदाराने म्हटले की दरवाढ मिळते! यासाठी वापरले ते २०१३ च्या औषध किंमत आदेशाचे कलम १९. याच कलमाने २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमती खाली आणल्या होत्या. २०१९ मध्ये २१ आणि २०२१ मध्ये ९ औषधप्रकारांचे भाव त्याच कलमाने पन्नास टक्के वर नेले.

कोणी म्हणेल, गोळी पैशांत मिळते, वाढ काही पैशांची. खरे आहे. पण ही गोळी घेतो कोण? पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. दोन मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या वीसपट. ती रक्तातून सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. डॉक्टर पंपच पसंत करतात. शिवाय २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले आहे की, नळी मोकळी करणारे हे औषध एकटे पुरत नाही, सूज उतरवणारे स्टेरॉइड श्वासातून घ्यावेच लागते. ते महाग, पंप महाग. म्हणून गरीब माणूस गोळीवर दिवस काढतो आणि नेमक्या त्याच गोळीवर वाढ येते.

(गंमत अशी की, हा धडा जगाला याच मुलखाने दिला. दम्याचे रोगी धोतऱ्याचा धूर ओढतात हे मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी पाहिले. १८०२ मध्ये जनरल जेंट यांनी ती वनस्पती इंग्लंडला नेली. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन असते. आजचे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम त्याच घराण्यातले.)

त्या आठ औषधांच्या यादीत आणखी दोन नावे आहेत, बेंझिल पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. पुण्याकडच्या साथींना ही नावे सांगावी लागणार नाहीत. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली ती पेनिसिलिनसाठीच, पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही निघाले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती विकायला काढायचे आणि आयडीपीएल बंद करायचे ठरवले. स्वतःचा कारखाना मोडीत काढायचा आणि मग खाजगीवाल्याने "परवडत नाही" म्हटले की त्याच्यापुढे मान तुकवायची! सरकारी कारखाना चालता असता तर त्या धमकीला उत्तर देता आले असते.

२०१६ मध्ये देशात फुप्फुसाच्या जुनाट रोगाचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. यात आपले लोको शेडवाले, गँगमन, खडी टाकणारे आणि चुलीपुढे बसलेल्या त्यांच्या बायका आहेत.

मागणी साधी आहे. कलम १९ खालची वाढ मागे घ्या, ही औषधे सार्वजनिक कारखान्यांत बनवा, रेल्वेच्या प्रत्येक दवाखान्यात पंप आणि स्टेरॉइडचा फवारा दोन्ही ठेवा. शाखा सचिवांनी पुढच्या बैठकीपूर्वी आपापल्या दवाखान्यात जावे, साठ्याचे रजिस्टर दाखवायला सांगावे, आणि नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा.