अस्मानी खरी, पण सुलतानीचं काय?

इ.स. 536 हे माणसाच्या इतिहासातलं सर्वांत वाईट वर्ष, असं अलीकडे ठासून सांगितलं जातं. ज्वालामुखी फुटला, सूर्य झाकोळला, पिकं बुडाली आणि त्यामुळेच प्राचीन रोमन जग मोडलं, अशी ही मांडणी. तिचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. ग्रीनलंडच्या बर्फात त्या सुमाराच्या गंधकाची खूण सापडते. झाडांच्या खोडांतली वर्तुळं आखडलेली दिसतात. त्या वर्षी सूर्य चंद्रासारखा निस्तेज होता, असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपिअस नोंदवतो. स्कँडिनेव्हियात तर कितीतरी वस्त्या ओस पडल्या.

माझा आक्षेप 'त्यामुळेच' या शब्दाला आहे. आपला शेतकरी अस्मानी आणि सुलतानी कधी एका पारड्यात घालत नाही. इटलीच्या बाबतीत इतिहासकारानेही घालू नये.

इटलीतल्या गॉथ राजवटीचा मुख्य मुलकी अधिकारी कॅसिओडोरस याचं एक पत्र उपलब्ध आहे. सूर्य निळसर दिसतो, भर दुपारी सावली पडत नाही, उन्हाळ्याला ऊब नाही, असं तो हाताखालच्या अधिकाऱ्याला कळवतो. हे वर्णन आज सगळेच उद्धृत करतात, पण पत्राचा हेतू मात्र विसरतात. गेल्या हंगामाचं पीक भरघोस आलं आहे, त्या साठ्यातून यंदाची तूट भागवा, हा त्यातला हुकूम आहे. मिलानच्या बिशपला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो पाव्हिया आणि टोर्टोना इथल्या कोठारांतलं धान्य गरिबांना स्वस्तात द्यायला सांगतो. संकट ओळखलेलं होतं आणि त्यावर उपायही ठरलेला होता.

त्या उपायाला वेळ मिळाला नाही, कारण पूर्व रोमन सम्राट जस्टिनिअनला इटली हवी होती. 536 मध्ये, त्याच झाकोळलेल्या सूर्याखाली, त्याचा सेनापती बेलिसारिअस याचे सैनिक जलवाहिनीतून नेपल्समध्ये शिरले आणि शहरात कत्तल झाली. 9 डिसेंबरला तो रोममध्ये पोचला. पुढे गॉथ राजा विटिगिसने रोमला वर्षभर वेढा घातला आणि शहराच्या जलवाहिन्या तोडल्या. इकडे जस्टिनिअनच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, 27 डिसेंबर 537 रोजी हागिया सोफिया या भव्य चर्चचं उद्घाटन झालं. थंडीने ज्याचं कंबरडं मोडलं, त्या साम्राज्याचं हे लक्षण नव्हे.

541 मध्ये आलेल्या प्लेगचा धागा कोणी या थंडीशी जोडतात. तसं असेलही, पण शक्यतेला पुराव्याची जागा देता येणार नाही.

आणि इटलीचा तो भीषण दुष्काळ? तो 539 चा, युद्धाच्या पाचव्या वर्षातला. एकट्या पिकेनम प्रांतात किमान 50,000 शेतकरी उपाशी मेले, असं प्रोकोपिअस सांगतो. टस्कनीच्या डोंगरात लोक ओकची फळं दळून त्यांच्या भाकऱ्या खात होते. कारणही तोच देतो. नांगर चालले नव्हते, बी मातीआड गेलं नव्हतं. तरी थोडं धान्य आपसूक उगवलं, पिकलं. ते कापायला कोणी नव्हतं, म्हणून ते शेतातच गळून गेलं.