क्षमेपूर्वीचे सत्य

१८ जुलै हा नेल्सन मंडेला यांचा जन्मदिवस. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९मध्ये तो आंतरराष्ट्रीय दिन म्हणून घोषित केला. त्या निमित्ताने मंडेलांच्या क्षमाशीलतेचे गोडवे गायिले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या क्षमेच्या आधी काय घडले, याचा विचार क्वचितच होतो.

१९४८पासून दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. वस्ती, शाळा, विवाह, सारे कातडीच्या रंगावरून ठरू लागले. त्याविरुद्ध लढणाऱ्या मंडेलांनी २७ वर्षे कारावास भोगला. १९८५मध्ये सशर्त सुटका देऊ केली गेली, तीही त्यांनी ठामपणे नाकारली.

१९९४मध्ये सत्ता हाती आली, तेव्हा सूड घेणे शक्य होते. मंडेलांनी तो घेतला नाही. मात्र झाले गेले विसरून जा, असेही म्हटले नाही. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग नेमला गेला. पीडितांच्या कहाण्या जाहीरपणे ऐकल्या गेल्या. राजकीय हेतूने केलेल्या अपराधाची संपूर्ण कबुली देणाऱ्यालाच माफी, असा दंडक होता. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी बहुसंख्य फेटाळले गेले. पुढे खटले मात्र फारच थोडे उभे राहिले, ही त्या प्रयोगाची उणीव. तरीही आधी सत्य, मग सलोखा, हा क्रम जगापुढे आला.

भारताला हा लढा परका नव्हता. १९४६मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तेथील भारतीयांवरील अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. १९७४मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यावर पाणी सोडले. १९९०मध्ये मंडेलांना भारतरत्न दिले. दूरच्या अन्यायाविरुद्ध असा बाणेदारपणा दाखविणाऱ्या देशात जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची वृत्ती मात्र अद्याप संपलेली नाही. पाणवठ्यावर, स्मशानात, विवाहाच्या बोलणीत ती डोके वर काढते. ‘आता तसे काही उरले नाही’ असे म्हणून एकोपा साधत नाही. ज्याने सोसले त्याचे ऐकून घेणे, ही एकोप्याची पहिली अट आहे.

मंडेलांच्या ६७ वर्षांच्या सार्वजनिक जीवनाचे स्मरण म्हणून या दिवशी ६७ मिनिटे सेवेला देण्याचे आवाहन केले जाते. त्यातील काही मिनिटे वस्तीवर जाऊन केवळ ऐकण्यासाठी दिली, तरी हा दिवस सार्थकी लागेल.