आळ मोठ्या बॅटरीवर

इलेक्ट्रिक गाडीची बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलली आणि लगेच पडद्यावर ‘हाय व्होल्टेज सिस्टिम तपासा’ असा इशारा आला, की दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, मोठा पॅक गेला, आता लाखांचा खड्डा. दुसरा म्हणतो, काही नाही हो, जुने कोड राहिलेत, स्कॅनर लावून उडवून टाका. दोघेही ठाम, आणि मल्टिमीटरला हात दोघांपैकी कुणीच लावलेला नसतो.

पहिल्या पक्षाला साधी गोष्ट ठाऊक नसते. पॅक तीनशे-चारशे व्होल्टचा असला तरी त्याला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर, त्याच्यावर नजर ठेवणारी बीएमएस, दारांची कुलपं, सगळं बारा व्होल्टवर चालतं. तो पुरवठा क्षणभर ढासळला की एका मॉड्यूलची हाक दुसऱ्याला पोचत नाही आणि ‘संपर्क तुटला’ असा यू-अक्षराचा कोड नोंदला जातो. पडदा मात्र जी यंत्रणा गप्प झाली तिचंच नाव घेतो. तेवढ्यावरून पॅकला दोषी धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. शिवाय पेट्रोल गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर कण्हतो, आधी कळतं. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे कळतं ते एकदम.

दुसरा पक्ष जास्त घातक, कारण तो अर्धा बरोबर असतो. कोड जुने असू शकतात, मान्य. पण कोडासोबत अनेकदा त्या क्षणाचा व्होल्टेज आणि किलोमीटरही नोंदलेला असतो. तो न वाचता पुसणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. आणि ‘बॅटरी तर नवी आहे’ हा युक्तिवाद कुठे टिकतो? दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरीही नवीच म्हणवते. टर्मिनलचा खांब बारीक, क्लँप मोठा, म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी ठोकून दिलेली असते. खड्ड्यातून गाडी गेली की ती सैल होते. काही गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि डॅशकॅमची आर्थिंग त्याला वगळून थेट खांबावर आवळली, तर गाडीचा हिशेबच चुकतो. काही गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने द्यावी लागते, तीही राहून जाते.

मग करायचं काय? गाडी कुलूप लावून दोनेक तास झोपू द्यावी. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर खांबांवर साडेबारा व्होल्टच्या वर आकडा हवा. बारा किंवा खाली असेल तर ती आधी चार्ज करावी. मग गाडी ‘रेडी’ करून पुन्हा मोजावं. आता पॅकमधून डीसी-डीसी कन्व्हर्टर बारा व्होल्टची बाजू भरू लागतो, आकडा साधारण तेरा ते साडेचौदा हवा. तो बारावरच घुटमळत खाली सरकू लागला, तर बॅटरी कितीही वेळा बदला, फरक पडणार नाही. हा तर्क कागदी नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या, त्या आयसीसीयूतल्या दोषामुळे. बारा व्होल्टची बॅटरी भरण्याचं काम तिथे हेच युनिट करतं. बळी दिसते छोटी बॅटरी, दोष दुसरीकडे.

दोन्ही आकडे ठीक, क्लँप घट्ट, कोड टिपून घेतलेले. मगच ते पुसावेत आणि गाडी चालवून पाहावी. पुन्हा उगवला तो कोड खरा मानावा. एक अपवाद मात्र पक्का: इन्सुलेशन किंवा आयसोलेशनचा कोड आला, तर पुसापुशी नको, गाडी चालवणं नको आणि हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात नको, तिथे प्रशिक्षित माणूसच हवा.

‘एवढं कोण करत बसणार?’ हा शेवटचा आक्षेप. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तेही नको असेल, तर गॅरेजवाल्याकडून कोडांचा कागद किलोमीटरसकट मागून घ्यावा, आणि तो हातात पडेपर्यंत त्याला ‘इरेज’चं बटण दाबू देऊ नये.